वारज्याचा फ्लॅट विकून म्युनिकला घर घ्यायचं का?

कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ६१. यजमान भोसरीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेत, पेन्शन नाममात्र, एफडीचं व्याज आणि वारज्याच्या टू बीएचकेचं २२,००० रुपये भाडं यावर दोघांचं चालतं. मुलगा पाच वर्षं म्युनिकमध्ये नोकरीला आहे, सूनही तिथेच नोकरी करते, नात दोन वर्षांची. मुलगी पिंपळे सौदागरला. मुलगा सध्या हीटिंग धरून महिना १,९०० युरो भाडं भरतो आणि त्याला आता घर घ्यायचंय, ६८ स्क्वेअर मीटरचा फ्लॅट, किंमत ६,२०,००० युरो. त्याच्याकडे ३५,००० युरो साठलेत. तो म्हणतो वारज्याचा फ्लॅट विका आणि पैसे पाठवा. तो फ्लॅट २००९ साली दोघांच्या नावावर २४ लाखांना घेतला होता, आता ८८ लाख येतील असं एजंट म्हणतो. यजमानांचं म्हणणं, पैसे आपले तर कागदावर आपलंही नाव हवं. ताई लिहितात, भाडं म्हणजे पैसे पाण्यात, स्वतःचं घर झालं की मुलगा तिथे स्थिर होईल, आणि आम्हालाही वर्षातले सहा महिने हक्काने जाऊन राहता येईल. मुलाकडे ब्लू कार्ड आहे, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना, पीआरचा म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज अजून केलेला नाही, आणि पुण्यात परत यायचं तो अधूनमधून बोलतो. "सगळं चांगलंच वाटतंय, तरी रात्री झोप लागत नाही. काय करू?"

ताई, तुम्ही आकडे नीट लिहिलेत हे फार बरं केलंत. घराच्या विषयावर आकड्यांशिवाय बोलायला बसलं की घरातली सगळी माणसं फक्त भावनेवर बोलत राहतात आणि शेवटी कोणीतरी रुसतं.

पहिल्यांदा एक गोष्ट. तुम्ही विचारताय "विकू की नको", पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात तीन वेगळी घरं दिसली. एक, मुलगा-सून-नात यांचं राहतं घर. दुसरं, तुमचं सहा महिन्यांचं घर. आणि तिसरं, यजमानांच्या मनातलं, म्हणजे गुंतवणूक, ज्यावर आपलं नाव आहे आणि पैसा सुरक्षित आहे. एकाच फ्लॅटने ही तिन्ही कामं करावीत अशी अपेक्षा आहे आणि मला वाटतं झोप न लागण्याचं कारण तिथेच आहे, कारण आतून तुम्हालाही कळतंय की हे जमणारं नाही.

आता "भाडं म्हणजे पैसे पाण्यात". हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की कोणी तपासतच नाही. त्याला कारणही आहे, पुण्यात भाड्याने राहणं म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, दरवर्षी भाडंवाढ, आणि मालकाचा मुलगा बंगलोरहून परत आला की महिन्याभरात सामान बांधा. असुरक्षित वाटणारच. पण जर्मनीत हे असं नाहीये. तिथे निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, त्यात चांगले कमावणारे, म्हातारे, पोरंबाळं असलेले सगळे आले. करार साधारणपणे मुदतीशिवायचा असतो. मालकाला कायद्यात बसणारं कारण असल्याशिवाय घर खाली करून घेता येत नाही, आणि स्वतःला राहायला हवंय असं खरं कारण असलं तरी किमान तीन महिन्यांची नोटीस, भाडेकरू पाच वर्षं राहिला असेल तर सहा, आठ वर्षं राहिला असेल तर नऊ महिन्यांची. चालू भाडेकरूचं भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, म्युनिकसारख्या टंचाईच्या शहरात १५ टक्के. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. म्हणजे तुमचा मुलगा आज जिथे राहतो तिथे तो "स्थिर" होऊ शकतो, त्यासाठी मालक असायची गरज नाही.

मुलाची बाजूही सांगते, तो उगाच हट्ट करत नाहीये. म्युनिकमध्ये नवीन भाड्याचं घर मिळणं फार अवघड आहे, एका फ्लॅटमागे ढीगभर अर्ज येतात, आणि उद्या दुसरं मूल झालं, मोठं घर लागलं, तर आजच्या जुन्या करारातलं भाडं सुटून नव्या दराने भरावं लागेल. त्याला आत्ताच घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. प्रश्न त्याच्या इच्छेचा नाहीच, हिशोबाचा आणि वेळेचा आहे.

तर हिशोब. सोपं जावं म्हणून एक युरो शंभर रुपये धरूया. ६,२०,००० युरोच्या फ्लॅटवर बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, साडेतीन टक्के खरेदी कर, नोटरी आणि नोंदणी मिळून साधारण दोन टक्के, आणि एजंट असेल तर खरेदीदाराच्या वाट्याचे ३.५७ टक्क्यांपर्यंत. बेरीज ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ५६,००० युरो. छप्पन्न लाख रुपये, ताई. आणि हे घराच्या किमतीत धरले जात नाहीत, बँकाही सहसा यासाठी कर्ज देत नाहीत, ते खिशातूनच घालावे लागतात. (कोलोन-ड्युसेलडॉर्फकडे मुलं असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे तोच कर साडेसहा टक्के आहे.) तुमच्याकडून टॅक्स आणि दलाली जाऊन ८० लाख, म्हणजे ८०,००० युरो गेले, मुलाचे ३५,०००, एकूण १,१५,०००. त्यातले ५६,००० कागदपत्रांत. उरले ५९,०००. वारज्याचा अख्खा फ्लॅट विकून त्याचा मोठा भाग भिंतीत जातच नाहीये, तो सरकार, नोटरी आणि एजंट यांच्याकडे जातोय. हे मुलाने तुम्हाला सांगितलंय का? त्याने मुद्दाम लपवलं असेल असं मला वाटत नाही, पण सांगायला हवं होतं.

पुढे. उरलेलं कर्ज ५,६१,००० युरो. घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांवर, आणि पीआर नसलेल्या माणसाला एवढं कर्ज द्यायला बऱ्याच बँका का-कू करतात. समजा मिळालं. व्याज ३.७ टक्के धरलं आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीला वर्षाला दोन टक्के मुद्दल, तर हप्ता साधारण २,६६५ युरो. वर सोसायटीचा मेंटेनन्स, त्याला तिथे हाउसगेल्ड म्हणतात, साडेतीनशे धरा. म्हणजे ३,००० युरो. आज १,९०० जातात. आणि त्या हप्त्यात पहिल्या वर्षी महिन्याला १,७३० युरो नुसतं व्याज आहे, ते काय परत येणारे का? भाडं पाण्यात म्हणायचं तर व्याजही पाण्यातच. बाकीचे ९३५ मुद्दलात जातात, ते त्यांच्या मालकीचे, हे मान्य. पण आज भाड्यात राहून तोच हजार-अकराशे युरो तो दर महिन्याला बाजूला टाकू शकतो, आणि त्याला कोणाचा फ्लॅट विकावा लागत नाही. तीनेक वर्षांत त्याच्याकडचे ३५,००० सहज ७०,००० होतील.

अजून एक, आपली सवय असते की बोनस आला की लोनमध्ये भरून टाकायचं, मुदतीआधी मिटवायचं. तिथे व्याजदर दहा-पंधरा वर्षं फिक्स करून घेतात आणि त्या काळात मधेच सगळं कर्ज फेडलं तर बँक भरपाई मागते. वर्षाला बहुधा मूळ कर्जाच्या पाच टक्क्यांपर्यंत जादा भरायची मुभा करारात मिळते, ती घालून घ्यायची. दहा वर्षं झाली की मग सहा महिन्यांची नोटीस देऊन बिनदंड बाहेर पडता येतं. म्हणजे हा निर्णय दहा वर्षांचा आहे असंच धरून चाला.

आणि दहा वर्षं म्हटलं की मला तुमच्या पत्रातलं ते वाक्य आठवतं, "पुण्यात परत यायचं तो अधूनमधून बोलतो". ताई, ज्याला दहा वर्षं कुठे राहायचं हे ठरलेलं नाही त्याच्यासाठी तुम्ही तुमचं महिन्याचं उत्पन्न विकायला निघालाय. घर घेतलं की मुलगा स्थिर होईल हा क्रम उलटा आहे. आधी तो स्थिर होऊ दे, मग घर. जर्मनीत घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही, वाढत नाही, काही म्हणजे काही संबंध नाही. नोकरी गेली तर ब्लू कार्डावर ठराविक काळात दुसरी शोधायला लागते, घर असो वा नसो. उलट पीआर मिळवणं त्याच्या हातात आहे. ब्लू कार्डवाल्यांना बी वन पातळीचं, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत अर्ज करता येतो, नुसतं ए वन, म्हणजे अगदी प्राथमिक, असेल तर २७ महिन्यांत. पाच वर्षं झालीत, मग अर्ज का राहिलाय? भाषेची परीक्षा राहिली असेल तर घराच्या आधी ती. तिथलं नागरिकत्वही २०२४ पासून पाच वर्षांनी मागता येतं, त्यालाही बी वन लागतं. पीआर हातात आलं की बँकही वेगळ्या नजरेने बघते, जास्त बँका समोर येतात, व्याजात घासाघीस करता येते. माझ्या मते त्याच्यासाठी सगळ्यात मोठी मदत हीच आहे की तुम्ही त्याला प्रेमाने या परीक्षेला बसवा.

आणि समजा घेतलं आणि चार वर्षांनी सगळे परत आले, मग? विकलं तर ते ५६,००० गेलेच, वर बँकेची भरपाई. स्वतः राहत असताना विकलं तर नफ्यावर तिथे कर नाही हे चांगलं आहे, पण भाड्याने देऊन ठेवलं आणि मग दहा वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर कर लागू शकतो. भाडेकरू एकदा बसला की वर सांगितलेले सगळे कायदे आता त्याच्या बाजूने. आणि पुण्यात बसून म्युनिकच्या फ्लॅटचा बॉयलर दुरुस्त करून घेणं, त्याचं भाडं जर्मनीत दाखवणं, मग इथेही दाखवणं, हे सगळं मुलाच्या गळ्यात.

तुमचे सहा महिने. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण नातीजवळ राहायचंय एवढीच तुमची खरी इच्छा आहे हे पत्रातून स्पष्ट कळतं. पण शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या छोट्या मुदतीच्या व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, तुमच्या नावावर तिथे बंगला असला तरी ९० दिवसच. सलग सहा महिने नाही. तीन महिने राहून, परत येऊन, तीन महिन्यांनी पुन्हा, असं जमू शकतं, पण ते आजच्या भाड्याच्या घरातही जमतं. मग विचारा स्वतःला, ६८ स्क्वेअर मीटरमध्ये, म्हणजे आपल्या ७३० स्क्वेअर फूट कार्पेटमध्ये, तुमची खोली कुठली? तिथे जाहिरातीत तीन खोल्या म्हटलं की हॉल धरून तीन असतात. एक हॉल, एक मुलगा-सुनेची, एक नातीची. तुम्ही हॉलमध्ये. तुमच्याकडचे तेच पैसे तुमच्या हातात राहिले तर दरवर्षी दोघांचं विमान तिकीट, चांगला ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि पाहिजे तर त्यांच्या घराजवळ महिनाभराची भाड्याची छोटी जागा, यांचा विचार तरी करता येईल.

यजमानांना कागदावर नाव हवंय. माझं मत स्पष्ट आहे, नाव घालू नका. त्यांची भावना मी समजते, आयुष्यभराची कमाई आहे, नुसतं ट्रान्सफरचं बटण दाबून ती दुसऱ्याची व्हावी हे कोणालाही जड जाणार. पण नाव घातल्याने सुरक्षितता येत नाही, जबाबदारी येते. भारतात राहणाऱ्याच्या नावावर परदेशात घर असलं की दरवर्षी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, त्या घरातून एक रुपया आला नाही तरी. विसरलात तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो. छोट्या परदेशी मालमत्तेला २० लाखांपर्यंत या दंडातून सूट दिलीये पण त्यात स्थावर मालमत्ता धरत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवा. तिथलं कर्ज द्यायला बँक मालकांकडे बघते, दोन मालक साठीपुढचे, जर्मनीत उत्पन्न नसलेले, परदेशात राहणारे, म्हणजे आधीच अवघड असलेलं कर्ज अजून अवघड. आणि तुमच्यानंतर तुमचा वाटा वारसांकडे जाणार, त्यासाठी तिथली वारसा प्रक्रिया, भाषांतरं, आणि वारसांत तुमची मुलगीही आली, म्हणजे भावाच्या राहत्या घरात बहिणीचा हिस्सा अडकला. दोघांनाही त्रास.

"आत्ता देऊ, पुढे तो परत करेल" असं मनात असेल तर तेही आत्ताच नीट बोला. जर्मनीत मुलाला आई-वडिलांकडून मिळालेली भेट दहा वर्षांत प्रत्येकाकडून ४,००,००० युरोपर्यंत करमुक्त आहे, तुमची रक्कम त्यात आरामात बसते, फक्त तिथल्या टॅक्स ऑफिसला तीन महिन्यांच्या आत कळवायचं. पण उलट दिशेने, मुलाकडून आई-वडिलांना, ही मर्यादा २०,००० युरोच आहे. आणि सासू-सासऱ्यांकडून सुनेलाही २०,०००. म्हणून पैसे पाठवायचेच झाले तर मुलाच्या एकट्याच्या खात्यात पाठवा, जॉइंट खात्यात नको, आणि साधं बक्षीसपत्र करून ठेवा. परत हवे असतील तर ती भेट नव्हे, ते कर्ज झालं, त्याचे कागद वेगळे, फेमाचे म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे नियम वेगळे, आधी सीए आणि बँक दोघांना विचारून मगच.

आता इथली बाजू, कारण एजंट ८८ लाख म्हणतो आणि आपण ८८ लाख धरून बसतो. नफा ६४ लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी आठ लाख आणि वर सेस. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असल्यामुळे इंडेक्सेशन घेऊन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, २० टक्क्यांचा हिशोबही तुम्हाला करता येतो, तुमच्या केसमध्ये तोच कमी यायची शक्यता जास्त, सीएला दोन्ही काढायला सांगा. घर विकून दुसरं घर घेतलं की टॅक्स वाचतो हे सगळ्यांना माहीत असतं, कलम ५४ म्हणून ओळखली जाते ती सवलत, पण नवं घर भारतातच असायला लागतं. गेली दहा वर्षं हा नियम आहे तरी दर वेळी कोणीतरी म्हणतंच, घर ते घर, म्युनिकचं चालेल की. नाही चालत. शिवाय इथे तर ते घर तुम्ही घेतच नाही, मुलगा घेतोय.

मग पाठवणं. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, मर्यादेचा प्रश्न तुम्हाला येणार नाही. प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ घ्यायच्या टॅक्सचा आहे. घरासाठी किंवा भेट म्हणून पाठवलेल्या पैशांवर, वर्षात १० लाखांच्या वर जेवढे जातील त्याच्या २० टक्के बँक आधीच कापून घेते. एकट्या यजमानांच्या खात्यातून ८० लाख गेले तर ७० लाखांवर १४ लाख. दोघांनी ४०-४० पाठवले तर १२. दोघांनी निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांत पाठवले तर एकूण ८ लाख. हा पैसा बुडत नाही, त्याच वर्षीच्या टॅक्समध्ये, कॅपिटल गेनच्या टॅक्समध्येसुद्धा, वळता होतो आणि उरलेला रिफंड येतो, पण तोपर्यंत अडकतो आणि त्याच वेळी तिकडे नोटरीची तारीख आलेली असते. फ्लॅट जॉइंट आहे ना, मग विक्रीचे पैसेही दोघांच्या खात्यात आपापल्या हिश्श्याने घ्या. आणि विक्रीचा करार, बँक स्टेटमेंट सगळं जपून ठेवा, जर्मन बँक पैसा कुठून आला हे विचारणारच.

इथपर्यंत सगळा पैशाचा व्यवहार झाला. आता जे तुमच्या पत्रात एकाच ओळीत आलंय त्याबद्दल. "मुलगी पिंपळे सौदागरला." एवढंच. तिला हे माहीत आहे का? फ्लॅट तुमच्या दोघांच्या कमाईचा आहे, कायद्याने तुम्ही तो कोणालाही देऊ शकता, तिची सही लागत नाही. पण तुमच्या बाबतीत उद्या रात्री-अपरात्री काही झालं तर कोथरूडला पोचणार ती आणि जावई. तिने कधी हिस्सा मागितला नसेल, मागणारही नाही, तरी आई-वडिलांनी वारज्याचा फ्लॅट विकला आणि मला शेवटी कळलं, हे तिच्या मनात आयुष्यभर राहील. तिला विचारून परवानगी घ्या असं म्हणत नाहीये. तिला तुमच्या तोंडून कळू दे, सगळं ठरायच्या आधी. आणि मुलाला जे काही द्याल त्याची नोंद मृत्युपत्रात करा, एकाला हयातीत इतकं दिलं म्हणून दुसरीला कोथरूडच्या घरात इतकं, असं स्पष्ट लिहा, मृत्युपत्र रजिस्टर करा. बहीण-भावाचं नातं टिकवायचं हे काम आई-वडील असतानाच होऊ शकतं.

आणि तुमचं दोघांचं काय? भाडं वर्षाला २,६४,००० रुपये होतं. पेन्शन नाममात्र असं तुम्हीच लिहिलंय. ६१ व्या वर्षी पुढची पंचवीस वर्षं धरून चालायला हवं, मेडिक्लेमचा प्रीमियम दरवर्षी वाढतोय, घरात कामाला माणूस लागेल, कधीतरी चोवीस तासांची मदत लागेल. वारज्याचा फ्लॅट ही मुलासाठी राखून ठेवलेली रक्कम नाही ताई, ते तुमचं पेन्शन आहे. मी इतकं ठामपणे सहसा लिहीत नाही पण इथे लिहिते: तो आत्ता विकू नका.

"आत्ता" म्हणाले कारण दारं बंद करायची नाहीयेत. पीआर झालं, पुढची दहा वर्षं म्युनिक हे मुलाने-सुनेने ठरवलं, त्यांची स्वतःची बचत एवढी झाली की निदान वरचा सगळा खर्च त्यांच्याच पैशातून निघेल, तर मग मदत करा, झेपेल तेवढी. तुम्ही दोघांनी एफडीतून वर्षाला १०-१० लाखांच्या आत पाठवलं तर टीसीएस लागत नाही, पण तेही एफडीचं व्याज कमी होऊन घर चालतंय का हे बघूनच. दरम्यान त्यांनी म्युनिकच्या बाहेर बघावं, साठेक किलोमीटरवर आउग्सबुर्ग आहे, ट्रेन चांगल्या आहेत, भाव बरेच कमी, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस असेल तर विचार करण्यासारखं आहे.

आणि तरीही हाच फ्लॅट घ्यायचा ठरवलाच तर मुलाला एवढं सांगा. टोकन देऊन अडवून ठेवायची आपली सवय तिथे नको, एजंटने छापील अटींत घातलेली रिझर्व्हेशन फी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदा ठरवलीये. व्यवहार नोटरीसमोरच होतो, तो अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, पण तो दोन्ही बाजूंचा असतो, तुमचा वकील नसतो. जर्मन पुरेसं येत नसेल तर दुभाष्या घ्या आणि मसुदा आधी मागून घरी नीट वाचा. सोसायटीच्या मालकांच्या मीटिंगचे गेल्या तीन वर्षांचे इतिवृत्त मागायचे, दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत ते बघायचं, छप्पर किंवा हीटिंग बदलायचं ठरलंय का ते शोधायचं, कारण खरेदीनंतर महिन्याभरात वीस हजार युरोची वर्गणी आली तर ती नव्या मालकाचीच. ऊर्जा प्रमाणपत्र बघायचं. आणि आत भाडेकरू असेल तर तो घरासकट येतो, विक्रीने त्याचा करार संपत नाही.

इतर देशांबद्दल विचारणारे बरेच वाचक आहेत म्हणून थोडक्यात. कॅनडाने परदेशी लोकांना घर घ्यायला १ जानेवारी २०२७ पर्यंत बंदी घातलीये, काही अपवाद सोडून. ऑस्ट्रेलियात जुनी, वापरातली घरं परदेशी लोकांना ३१ मार्च २०२७ पर्यंत बंद, टेम्पररी व्हिसावर असलेली मुलंही त्यात येतात. सिंगापूरमध्ये २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला ६० टक्के जादा स्टॅम्प ड्युटी आहे. आणि दुबई, ज्याचे सेमिनार आपल्याकडे हॉटेलांमध्ये भरतात. तिथे घर जरूर घेता येतं, पण "टॅक्स फ्री" हे दुबईपुरतं. पुण्यात राहणाऱ्याला त्या भाड्यावर आणि नफ्यावर इथे टॅक्स आहे, शेड्यूल एफए आहे. बुकिंगचे पैसे क्रेडिट कार्डाने भरू नका, मालमत्तेसाठी ते चालत नाही, आणि एलआरएससाठी इथल्या बँकेचं कर्जही मिळत नाही. बिल्डर हप्त्यांची योजना दाखवतो तेव्हा सही करायच्या आधी फेमा कळणाऱ्या सीएला करार दाखवा, सेमिनारमध्ये भेटलेल्या सीएला नव्हे. २००८ नंतर तिथे भाव कसे कोसळले होते हे तेव्हाच्या कोणालाही विचारा.

तर ताई, मुलाला नकार कसा द्यायचा याची भीती वाटत असेल तर असं म्हणा: "वारज्याचा फ्लॅट हे आमचं पेन्शन आहे, तो विकणार नाही. तुझं पीआर होऊ दे, तुमची बचत होऊ दे, मग आपण परत बसू आणि आम्हाला झेपेल ते आम्ही देऊ." यात नकार कमी आहे आणि तारीख जास्त आहे. यजमानांना हा सगळा हिशोब वाचून दाखवा, नावाचा हट्ट बहुतेक आपोआप सुटेल. मग रविवारी सगळ्यांचा व्हिडिओ कॉल लावा, मुलगी आणि जावईही असू देत. आणि त्यात सुनेला आधी बोलू द्या, कारण महिन्याच्या त्या तीन हजार युरोंतला अर्धा भार तिच्या पगारावर येणार आहे आणि तिला काय वाटतं हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही.